समासातली कोरी जागा: समुपदेशन-संशोधनाच्या मार्गदर्शनाचं एक प्रकरण

समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षातली ही विद्यार्थिनी. लघुप्रबंधासाठी तिने घेतलेला प्रश्न असा होता: क्लायंट काहीही न सांगता यायचा थांबतो, तेव्हा समुपदेशकाच्या मनात काय होतं? प्रश्न मला पहिल्यापासून आवडला. असे क्लायंट प्रत्येक समुपदेशकाच्या वाट्याला येतात. त्यावरचा बराचसा अभ्यास मात्र कोण थांबतं आणि का थांबतं याभोवती फिरतो. ठरलेल्या वेळी दाराकडे पाहत बसलेल्या माणसाकडे त्या मानाने कमी लक्ष जातं.

तिने ८ अनुभवी समुपदेशकांच्या सविस्तर मुलाखती घ्यायचं ठरवलं, नीतिसमितीची परवानगी मिळवली आणि विश्लेषणासाठी व्हर्जिनिया ब्राउन व व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेली थीमॅटिक विश्लेषणाची पद्धत निवडली. या पद्धतीचे ६ टप्पे आहेत. मजकूर पुन्हा पुन्हा वाचून त्याच्याशी ओळख करून घ्यायची, कोडिंग करायचं (मजकुराच्या अर्थपूर्ण तुकड्यांना छोटी नावं, म्हणजे कोड, द्यायचे), कोडमधून थीम (त्यांना जोडणारी समान अर्थसूत्रं) उभ्या करायच्या, त्या मजकुराशी ताडून पाहायच्या, त्यांना नावं द्यायची आणि शेवटी लिहायचं. पुढे या दोघींनी आपल्या पद्धतीला 'रिफ्लेक्सिव्ह' हे विशेषण जोडलं. थीम मजकुरात दडून बसलेल्या नसतात, संशोधक त्या घडवतो, म्हणून संशोधकाने स्वतःकडेही पाहत राहिलं पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. हे वाक्य वर्गात सगळे मान डोलावून ऐकतात. ते खरोखर अंगावर येतं तेव्हा काय होतं, हे या प्रकरणात दिसलं.

मी तिची मार्गदर्शक होते आणि प्रबंधाला गुण देणाऱ्या दोघांपैकी एक. पुढचा प्रत्येक निर्णय समजून घेताना ही दुसरी भूमिका विसरून चालणार नाही. (हे प्रकरण एकाहून अधिक विद्यार्थ्यांच्या अनुभवांतून जुळवलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काम कुठे अडलं

मुलाखती वेळेत झाल्या. त्यांचं शब्दशः लेखनही तिने स्वतः केलं, तेही नीट, थांबणं-अडखळणं यांच्या खुणांसकट. कोडिंगला सुरुवात झाली आणि काम मंदावलं. पहिल्या दोन मुलाखतींचे कोड आले ते 'निराशा', 'स्वतःवर शंका', 'क्लायंटची नाराजी' असे. चूक काही नव्हतं, पण मुलाखत न वाचताही कोणी हे शब्द लिहू शकलं असतं. नंतरच्या भेटीला ती आलीच नाही. आदल्या रात्री निरोप आला की बरं नाही. त्यापुढच्या भेटीच्या वेळी निरोपही आला नाही. मध्ये एकदा ईमेलने पूर्वसंशोधनाचं प्रकरण आलं, आधीच्या दुप्पट लांबीचं. कोणी मागितलं नव्हतं.

मार्गदर्शकांना हे चित्र ओळखीचं असेल. विश्लेषण अडलं की विद्यार्थी वाचनाकडे वळतात. वाचन सुरक्षित असतं, कारण तिथे दुसरे कोणी आधी बोललेले असतात.

त्या काळातल्या माझ्या स्वतःच्या प्रतिक्रिया मी लिहून ठेवत होते. मानसोपचाराच्या प्रशिक्षणातून आलेली ही सवय मला संशोधनाच्या मार्गदर्शनात सगळ्यात जास्त उपयोगी पडते. मनोविश्लेषक पॉला हायमन यांनी १९५० मध्ये मांडलं होतं की उपचारकाच्या मनात उमटणारी भावना हा अडथळाच असतो असं नाही, रुग्णाला समजून घेण्याचं ते साधनही असू शकतं. माझ्या नोंदीत तीन गोष्टी होत्या. तिच्याऐवजी आपणच चार थीम काढून द्याव्यात असा मोह. थोडा राग. आणि एक प्रश्न, जो पुन्हा पुन्हा येत होता: माझं काही चुकलं का, म्हणून ती येत नाहीये?

तिसरी नोंद वाचताना मी थबकले. न सांगता यायचं थांबलेल्या माणसाबद्दल मागे राहिलेल्याने स्वतःला विचारलेला हा प्रश्न तिच्या मुलाखतींमध्ये वेगवेगळ्या तोंडून आला होता. हॅरॉल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये आणि पुढे रुडॉल्फ एकस्टाइन व रॉबर्ट वॉलरस्टाइन यांनी १९५८ मध्ये सुपरव्हिजनमधली (उपचारकाच्या कामाला अनुभवी उपचारकाने केलेल्या मार्गदर्शनातली) ही गोष्ट टिपली होती. उपचारक आणि रुग्ण यांच्यात जे चाललं आहे, त्याचंच प्रतिबिंब उपचारक आणि सुपरव्हायजर यांच्यात पडतं. तिला समांतर प्रक्रिया म्हणतात. इथे रुग्ण नव्हता, संशोधनाचा विषय होता. पण विद्यार्थिनी महिनोन्महिने ज्या गोष्टीत बुडालेली असते, ती तिच्या वागण्यातून आमच्या खोलीत येऊ शकते, हे मला पटतं.

तरी मी त्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. समांतर प्रक्रियेची कल्पना फार मोहक आहे. ती हाती लागली की साधी कारणं दिसेनाशी होतात. तिला कोडिंग कधी नीट शिकवलं गेलं होतं का? प्रात्यक्षिकाचे तास किती होते? घरी काही अडचण होती का? आधी ही कारणं तपासायची, मग मनाच्या खोलीत शिरायचं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. वेळापत्रक पाहिलं तर तिच्यावर कामाचा भार होता, पण इतरांपेक्षा जास्त नव्हता. कोडिंगच्या कार्यशाळेत तिने केलेला सराव उत्तम होता. म्हणजे कोडिंग येत होतं. याच मजकुराचं येत नव्हतं.

पाठवलेल्या फाइल मी पुन्हा उघडल्या. तिने तिसरी आणि चौथी मुलाखतही घेतली होती कोडिंगला, अर्धवट. समासातल्या टिपांवरून मी फक्त नजर फिरवत गेले. चौथ्या मुलाखतीत एका जागी टिपा एकदम थांबल्या होत्या. जवळजवळ दोन पानं समास कोरा, आणि मग पुढच्या प्रश्नापासून टिपा पुन्हा सुरू. त्या दोन पानांवर असं होतं:

सहभागी: खरं सांगू? तो त्या दिवशी आला नाही ना, तेव्हा मला हायसं वाटलं.
संशोधक: पण तुम्ही तुमच्याकडून पूर्ण प्रयत्न केले होते.
सहभागी: (थांबून) हो... तसं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर बोलणं क्लायंटच्या कौटुंबिक परिस्थितीकडे वळलं आणि 'हायसं' पुन्हा कधी आलं नाही.

समुपदेशनाचे विद्यार्थी संशोधनाची मुलाखत घेताना समुपदेशकासारखे वागतात, ही तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती अर्धवट वाटते. समोरच्याने अवघड गोष्ट उच्चारली की त्याला लगेच धीर देणं हे चांगलं समुपदेशनही नाही. चांगल्या समुपदेशकाने इथे विचारलं असतं, 'हायसं म्हणजे कसं?' आणि चांगल्या संशोधकानेही नेमकं तेच विचारलं असतं. सुटलं ते या दोन्ही कामांना लागणारं एकच कौशल्य: समोरच्याला नकोशा वाटणाऱ्या भावनेपाशी थांबून राहणं. म्हणून 'थेरपी विसर आणि संशोधक हो' असं तिला सांगण्यात काही अर्थ नव्हता.

भेट

मी तिला छोटा ईमेल लिहिला. 'दोन भेटी झाल्या नाहीत, त्यामुळे तुझं कसं चाललंय याचा विचार मनात आहे. या आठवड्यात अर्धा तास भेटू. नवीन काही लिहून आणायची गरज नाही. सादर करायची तारीख तीच आहे, तिथवर कसं पोचायचं ते मिळून पाहू.' शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठेवलं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा विनाअट स्वीकार, म्हणजे समोरच्याला कोणतीही अट न घालता स्वीकारणं, माणसासाठी आहे. अर्धवट प्रबंधाला तो लागू होत नाही. तारखेबद्दल गप्प बसून मी प्रेमळ दिसले असते, पण तिची भीती तशीच राहिली असती.

ती आली. आल्या आल्या माफी, मग कारणं, मग एकदम: "मॅडम, मला वाटतं मी विषयच चुकीचा घेतला."

"विषय चुकला असं कधीपासून वाटायला लागलं?"

थोडा विचार करून ती म्हणाली, "चौथ्या मुलाखतीनंतर."

"तो भाग आपण मोठ्याने वाचू या का? तू वाच."

मोठ्याने वाचणं ही साधी गोष्ट आहे, पण मी ती नेहमी वापरते. डोळे ओळी गाळू शकतात, आवाजाला तसं करता येत नाही. 'हायसं वाटलं' हे वाक्य वाचून तिने स्वतःचं वाक्य वाचलं आणि थांबली. मी काही बोलले नाही. शांतता लांबली तरी ती भरून काढायची नाही, हे आपण क्लायंटसमोर शिकलेलं असतो. विद्यार्थ्यासमोर ते जास्त अवघड जातं, कारण शिक्षकाने उत्तर द्यावं अशी दोघांचीही अपेक्षा असते.

"इथे मी बोलायला नको होतं," ती म्हणाली.

"बोललीस तेव्हा तुझ्यात काय चाललं होतं?"

"त्यांना अपराधी वाटू नये असं वाटलं मला." मग बराच वेळ गेला. "मॅडम, मी स्वतः एका समुपदेशकांकडे जात होते. मध्येच जायचं बंद केलं. काही कळवलं नाही. मी गेले नाही तेव्हा त्यांनाही हायसंच वाटलं असेल का?"

तिचे डोळे भरून आले होते.

हे सगळं प्रकरण या क्षणासाठी लिहिलं आहे. उपचारक म्हणून माझ्याकडे इथून पुढे जायच्या अनेक वाटा होत्या आणि त्या सगळ्या मला माहीत होत्या. जाणं का थांबवलं? त्यांना हायसं वाटलं असेल तर तुझ्याबद्दल काय ठरतं? असं न सांगता निघून जाणं आणखी कुठे झालंय? यातला कोणताही प्रश्न विचारला असता तर तिने उत्तर दिलं असतं. आणि तिथे आमच्यातला करार बदलला असता, तिला न विचारता.

मी म्हणाले, "हे बोलणं सोपं नव्हतं. मी ऐकलं." थोडं थांबून पुढे म्हणाले, "यावर मोकळेपणाने बोलायला तुला जागा मिळायला हवी. ती जागा मी होऊ शकत नाही, कारण तुझा प्रबंध मीच तपासणार आहे. पण यातला एक भाग इथला आहे. हा प्रश्न मनात असताना तू या दोन पानांवर काय वाचतेस, आणि काय वाचायचं टाळतेस?"

तिने डोळे पुसले, पान जवळ ओढलं आणि पेन्सिल घेतली.

ही सीमा का

एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या कामाच्या नात्याचे तीन भाग सांगितले: ध्येयाबद्दल एकमत, करायच्या कामाबद्दल एकमत आणि दोघांमधला बंध. १९८३ मध्ये त्यांनी हीच मांडणी सुपरव्हिजनलाही लावली. माझ्या कामात मला तिचा फार आधार वाटतो, कारण गोंधळ कुठे होतो ते तिच्यातून स्पष्ट दिसतं. बंध दोन्हीकडे सारखा दिसू शकतो. तोच विश्वास, तीच ऊब, तेच ऐकणं. ध्येय आणि काम मात्र वेगळं असतं. माझ्यासमोर भरून आलेले डोळे पाहून मी समानुभूतीने ऐकलं यात काही वावगं नव्हतं. त्या समानुभूतीचं पुढे काय करायचं, हे ध्येयाने ठरवायचं असतं. उपचारात ती क्लायंटच्या आयुष्याकडे जाते. इथे ती पानाकडे परत यायला हवी होती.

गुणांचा मुद्दा याहून कडक आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची नीतिसंहिता सांगते की विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कामगिरीचं मूल्यमापन ज्यांच्याकडे असेल किंवा येण्याची शक्यता असेल, त्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सक्तीची असलेली थेरपी स्वतः देऊ नये. विद्यार्थ्याने खाजगी आयुष्य उघड करावं अशी सक्ती करण्यावरही तिथे मर्यादा आहेत. माझ्या खोलीत कोणी थेरपी देत नव्हतं आणि सक्तीही नव्हती, पण ज्या धोक्यासाठी हे नियम केलेत तो धोका तिथे होता. जिच्या हातात गुण आहेत तिच्यासमोर 'नको, यावर बोलायचं नाही' असं म्हणणं कुठल्या विद्यार्थ्याला सहज जमेल?

याच कारणाने समांतर प्रक्रियेबद्दलचा माझा अंदाज मी तिला सांगितला नाही. काही सहकारी मार्गदर्शकांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, 'तू माझ्याशी तेच करते आहेस जे क्लायंट समुपदेशकांशी करतात' हे सांगितलं असतं तर तिला केवढं शिकायला मिळालं असतं. असेल. पण आपल्या वागण्याचा दुसऱ्याने लावलेला अर्थ नाकारण्याची मुभा क्लायंटला असते. विद्यार्थ्याला ती नावापुरतीच असते. अंदाज माझ्या उपयोगाचा होता, मी तो वापरला: राग आवरायला, थीम काढून द्यायचा मोह टाळायला आणि कोऱ्या समासापर्यंत पोचायला. तो मोह मी समवयस्क सहकाऱ्यांच्या सल्लागटातही मांडला. मार्गदर्शकालाही बोलायला जागा लागते आणि ती विद्यार्थ्याबरोबरच्या वेळात शोधायची नसते.

अभ्यासक्रमात उपलब्ध असलेल्या, मूल्यमापनाशी संबंध नसलेल्या समुपदेशन सेवेची माहिती मी तिला त्याच भेटीत दिली. ती तिथे गेली का, हे मी पुढे विचारलं नाही.

पुन्हा कोडिंग

त्यानंतर तिने नोंदवहीचं पान दोन भागांत वाटलं. डावीकडे मजकुरात काय आहे, उजवीकडे वाचताना मला काय झालं. चौथ्या मुलाखतीची ती दोन पानं तिने अशी वाचली आणि मग पहिल्या तिन्ही मुलाखतींकडे परत गेली. तिथे 'हायसं' हा शब्द कोणी वापरला नव्हता. पण एकाने म्हटलं होतं, 'तो तास मोकळा झाला, मी राहिलेल्या नोंदी पूर्ण केल्या.' दुसरीने सांगितलं होतं की पुढच्या आठवड्यात त्या वेळेला तिने नवीन क्लायंट घेतलाच नाही. आधी 'व्यावहारिक परिणाम' या कोडखाली गेलेली ही वाक्यं आता वेगळं बोलू लागली. सुटका आणि त्या सुटकेची लाज, अशी थीम हळूहळू उभी राहिली.

मग गाडी दुसऱ्या टोकाला गेली. सगळीकडे सुटका दिसू लागली. सहाव्या मुलाखतीतल्या समुपदेशक बोलता बोलता रडल्या होत्या, तसं लेखनात नोंदवलेलंही होतं, आणि तिथेही कोड होता 'दडलेली सुटका'.

"मला हे पटत नाही," मी म्हणाले. "इथे सुटका कुठे आहे, मला दाखव."

ती दुखावली. "आधी तुम्हीच त्या भागाकडे बघ म्हणालात, मॅडम. आता तो दिसतोय तर नको?"

तिच्या रागात मला एक महत्त्वाची गोष्ट ऐकू आली. माझ्या आवडीचा कोड तिने शोधून आणला होता. उपचारात क्लायंट उपचारकाला खूश करतो तेव्हा उपचार लांबतो. संशोधनात विद्यार्थी मार्गदर्शकाला खूश करतो तेव्हा निष्कर्षच बिघडतात. जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर मुरान यांनी उपचारातल्या नात्याला पडणाऱ्या भेगांचा अभ्यास केला. भेग कुठे पडली ते उघड बोलून तिथून पुढे जायचं, ही त्यांच्या कामातली दिशा मला इथेही योग्य वाटली.

मी म्हणाले, "मी त्या भागाकडे बोट दाखवलं आणि आता इथे अडवते आहे, त्यामुळे मला नक्की काय हवंय असं तुला वाटणं साहजिक आहे. मला काय हवंय ते बाजूला ठेवू. ज्या जागा तुला खऱ्या वाटतात त्या मला मजकुरातून पटवून दे. मी विरुद्ध बाजूने बोलेन."

पुढची भेट सगळी यातच गेली आणि ती आमची सर्वांत चांगली भेट होती. बरेचसे कोड तिने स्वतःच काढून टाकले. एकावर ती ठाम राहिली, ओळी दाखवत राहिली, आणि शेवटी मला मान्य करावं लागलं की तिचं वाचन माझ्यापेक्षा बारीक होतं. सहाव्या मुलाखतीतलं दुःख मात्र दुःख म्हणूनच राहिलं आणि त्यातून प्रबंधाला वेगळी थीम मिळाली.

किती लिहायचं

शेवटचा प्रश्न तिने विचारला तो स्वतःच्या अनुभवाबद्दल. "मी क्लायंट होते आणि न सांगता थांबले, हे प्रबंधात लिहू का?"

रिफ्लेक्सिव्ह संशोधनात स्वतःबद्दल लिहावं लागतं आणि त्यामुळे अनेक विद्यार्थ्यांना वाटतं की जितकं उघड कराल तितकं संशोधन प्रामाणिक. मला हे धोक्याचं वाटतं. प्रबंध ग्रंथालयात राहतो, तोंडी परीक्षेत अनोळखी परीक्षक त्यावर प्रश्न विचारतात, पुढे नोकरी देणारे तो वाचू शकतात. मी तिला दोन प्रश्न दिले. हे कळल्याशिवाय वाचकाला तुझं विश्लेषण तपासता येईल का? आणि परीक्षकाने यावर विचारलं तर शांतपणे उत्तर देता येईल का? निर्णय तिचा. तिने एकच वाक्य लिहिलं: संशोधकाला समुपदेशन अचानक थांबण्याचा अनुभव दोन्ही बाजूंनी आहे.

चौथ्या मुलाखतीबद्दल मात्र तिने सविस्तर लिहिलं. स्वतःचं ते धीर देणारं वाक्य पद्धतीच्या प्रकरणात जसंच्या तसं उद्धृत केलं आणि त्याने संवाद कसा बंद झाला ते दाखवलं. हे लिहिताना तिला कमीपणा वाटत होता, तेव्हा मी तिला रॉजर्स यांच्या १९४२ मधल्या पुस्तकाबद्दल सांगितलं. त्यात एका क्लायंटच्या ८ सत्रांचं ध्वनिमुद्रणावरून केलेलं शब्दशः लेखन छापलं आहे आणि तळटीपांत समुपदेशकाच्या बोलण्याची चिकित्सा आहे, चुकलेल्या वाक्यांचीही. समुपदेशकाने स्वतःचे शब्द तपासणीसाठी उघडे ठेवायचे, ही या क्षेत्रातल्या संशोधनाची जुनी आणि चांगली रीत आहे.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी पहिला प्रश्न त्याच उताऱ्यावर विचारला आणि ती त्यावर व्यवस्थित बोलली.

आता संशोधनाच्या पहिल्याच भेटीत मी विद्यार्थ्यांसमोर लेखी करार ठेवते. विषय तुमच्या आयुष्याला कुठे स्पर्श करतो हे मला सांगायची सक्ती नाही. सांगितलंत तर मी ऐकेन, आणि प्रबंधाशी जोडलेला भागच आपण इथे बोलू. बाकीच्यासाठी मूल्यमापनाशी संबंध नसलेली समुपदेशन सेवा कुठे आहे, तिचा पत्ता त्याच कागदावर असतो. भेट चुकली तर मी पहिला निरोप कधी पाठवेन, तेही त्यात लिहिलेलं असतं.